थोरा म्हंजे कवरा?

आमच्या गोदामात सगळ्यात स्वस्तात वापरला जाणारा आणि सगळ्यात महागात पडणारा शब्द एकच आहे, 'थोडंसं'. गाडी डॉकला लागते, माल चढत जातो आणि शेवटी तीस-चाळीस गोणी जमिनीवर उरतात. मग कुणीतरी तो शब्द काढतो. पार्टी फोनवर म्हणते, "थोडंसंच आहे हो, टाकून द्या." मॅनेजर म्हणतात, "एवढ्याशासाठी दुसरी गाडी कुठे लावता?" हमालांचा मुकादम काहीच म्हणत नाही, कारण त्याला गोणीमागे पैसे मिळतात. ड्रायव्हर उत्तर प्रदेशातला असला तर "थोडा तो चलता है, साब" म्हणत स्वतःच ताडपत्री ओढायला लागतो. भाषा, प्रांत, पगार सगळं विसरून चार माणसांचं एकमत व्हावं असे विषय या देशात फार उरलेले नाहीत. गाडीत थोडंसं जास्त भरणं हा त्यातला एक.

आणि नेमकी इथेच एक माशी शिंकते. ट्रकवाल्यांच्या प्रत्येक नाक्यावर असा एक माणूस असतोच. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, ते नाक्यागणिक बदलतं. आम्ही वडप्याचे लोक आमच्याकडच्याला 'पासिंग आप्पा' म्हणतो. साठीच्या आसपासचे, एकाच ट्रेलरचे मालक, आणि गुडघ्यांनी परवानगी दिली तर ड्रायव्हरही स्वतःच. 'थोडंसं' कानावर पडलं की आप्पा डोक्यावरची टोपी दोन बोटं मागे सरकवतात, समोरच्याकडे परग्रहावरून आल्यासारखे बघतात आणि आपल्या आगरी बोलीत विचारतात, "थोरा म्हंजे कवरा?"

थोडं म्हणजे केवढं? अकरा वर्षं डिस्पॅचच्या टेबलावर काढली, पण या प्रश्नाला कुणी सरळ उत्तर दिलेलं मी पाहिलेलं नाही.

वडपे कुठे आहे ते मुंबईकराला सांगावं लागतं, देशातल्या ट्रकवाल्याला सांगावं लागत नाही. मुंबई-नाशिक महामार्गावरचं, भिवंडी तालुक्यातलं हे गाव. मुंबईला खेटून, पण मुंबईच्या जकातीच्या बाहेर, या एका भांडवलावर भिवंडीच्या आसपासच्या भातखाचरांत गोदामं उगवली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, आता गोदामंही जातील असं काहींना वाटलं. उलट ती वाढली. आता तर नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शेजारच्या आमण्यात येऊन टेकलाय. शेवटचा, इगतपुरीपासूनचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. नागपूरची गाडी सुसाट येते आणि वडप्याला पोचल्यावर पहिल्या गियरमध्ये जाते. माजिवड्यापर्यंतचा रस्ता आठपदरी होतोय, म्हणजे आज आठही पदरांवर काही ना काही काम चाललेलं आहे असं धरून चालायचं.

तर अशा ठिकाणी, जिथे दिवसभर टनांच्या भाषेत बोललं जातं, तिथे खरा आकडा तोंडातून काढणारा माणूस एकच, हे ऐकायला विचित्र वाटेल. पण वजन ही गोष्टच आपल्याकडे आकड्यात मोजायची नाही. माणसाचं वजन त्याच्या ओळखीवरून ठरतं, फाइलीवरचं वजन पाकिटाच्या जाडीवरून. आप्पांना वजनाचा तिसराच अर्थ माहीत आहे, आणि तो किलोत आहे.

आप्पांची गाडी अठरा चाकी. पुढे दोन, इंजिनाच्या मागच्या एक्सलला चार, आणि मागे ट्रेलरच्या तीन एक्सलना मिळून बारा. अठरा चाकं मोजून झाली की आप्पा नवख्या माणसाला हमखास विचारतात, "आन् पाचवा चाक कुठं?" तो बिचारा खाली वाकून शोधतो. मग आप्पा त्याला हॉर्सच्या पाठीमागे नेतात. इंजिन असलेल्या पुढच्या गाडीला सगळे हॉर्स म्हणतात, आप्पा 'घोरा' म्हणतात. त्या घोड्याच्या पाठीवर तव्यासारखं एक जाडजूड लोखंडी ताट असतं, मागच्या बाजूनं खाच असलेलं. ट्रेलरच्या पोटातून खाली आलेली दोन इंच जाडीची किंगपिन त्या खाचेत अडकते, जबडा बंद होतो, आणि मागचं अख्खं धूड त्या ताटावर डोकं टेकून नाशिकला निघतं. याचं नाव फिफ्थ व्हील, पाचवं चाक, आणि चाकाशी त्याचा संबंध एवढाच की जुन्या घोडागाड्यांत पुढचा एक्सल वळावा म्हणून जे आडवं कडं बसवत, त्याचं नाव याला लागलं. आप्पा ट्रेलर जोडताना त्या ताटावरच्या काळ्या वंगणात करंगळी बुडवून बघतात. बायका आमटीची चव बघतात तशी. करंगळी चाखत नाहीत एवढंच. वंगणात खडा, रेती, भाताचा तूस काही लागलं की सगळं पुसून नवीन लावणार, मग मागे दहा गाड्या हॉर्न देत का असेनात.

"समदा भार हितं येतो," ते सांगतात, "बैलाच्या मानंव येतो ना, तसा."

हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नुसती उपमा वाटली होती. मग कळलं की आप्पांच्या लेखी ती उपमा नाहीच, तेच मूळ शास्त्र आहे. त्यांचे वडील बैलगाडीनं भाताची पोती भिवंडीच्या गिरणीवर न्यायचे. पोती गाडीत पुढे जास्त झाली तर गाडी धुरजड होते, जू बैलांच्या मानेत रुततं. मागे जास्त झाली तर उलाळ होते, धुरा वर उचलतात आणि बैलाला गळफास बसतो. शहरातल्या मराठीतून हे दोन्ही शब्द बैलांबरोबरच गेले. आप्पांनी ते ट्रेलरला लावून ठेवलेत. कागदी रीळ सगळे पुढच्या भिंतीला खेटून भरले तर एकूण वजन पासिंगात असूनही घोड्याच्या मागच्या एक्सलवर नको तेवढा भार येतो, म्हणजे गाडी धुरजड. सगळा माल शेपटीला गेला तर किंगपिनवरचा भार हलका होतो, आणि कसाऱ्याच्या घाटात पावसात घोड्याची चाकं जागच्या जागी गरागरा फिरतात, म्हणजे उलाळ. आमच्या कंपनीनं एकदा लोडिंगचं प्रशिक्षण ठेवलं होतं. पुण्याहून एक तरुण तज्ज्ञ आला, पडद्यावर बाण आणि त्रिकोण दाखवत दीड तास बोलला. शेवटी मागच्या खुर्चीतून आप्पा म्हणाले, "म्हंजे धुरजड नको आन् उलाल नको, हेच ना?" तज्ज्ञ गोंधळला, आणि बाकीचे जेवायला उठले.

आता पासिंग. गाडीच्या आरसीवर लिहिलेलं असतं की मालासकट, डिझेलसकट, ड्रायव्हरसकट तिचं वजन जास्तीत जास्त किती असावं. नाक्यावर याला पासिंग म्हणतात. १६ जुलै २०१८ ला केंद्र सरकारनं हे आकडे वाढवले. पुढच्या दोन चाकांच्या एक्सलला सहाचे सात टन, चार चाकांच्या एक्सलला १०.२ चे साडेअकरा, मागच्या तीन एक्सलच्या जुडग्याला २४ चे २७. आप्पांसारख्या अठरा चाकी ट्रेलरचं पासिंग ४०.२ टनांवरून साडेपंचेचाळीसवर गेलं. बावीस चाकींचं ४९ वरून ५५ वर. नाक्यावर आनंदीआनंद झाला. सरकारला वाटलं असेल, आता तरी लोक मर्यादेत राहतील. लोकांनी सरकारचा मान राखला. आधी जुन्या मर्यादेवर थोडंसं भरायचे, ते आता नव्या मर्यादेवर थोडंसं भरू लागले. आप्पांनी मात्र जुनी गाडी शेवटपर्यंत जुन्या आकड्यावरच चालवली, आणि नवी घेतली तेव्हाच नव्या आकड्यावर आले. मधल्या काळात त्यांचं भाडं इतरांपेक्षा पाच टनांनी कमी होतं. मी एकदा विचारलं, "आप्पा, नुकसान नाही का होत?" तर म्हणाले, "होतं की. रोज होतं." एवढ्या प्रसन्न चेहऱ्यानं स्वतःचं नुकसान मान्य करणारा ट्रान्सपोर्टर मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्या खिशात एक लाल पुठ्ठ्याची वही असते. तिच्या पहिल्या पानावर देवाचं नाव, दुसऱ्यावर गाडीचं रिकामं वजन, १४,७८० किलो. हे वजन कसं केलं तेही खाली लिहिलंय: टाकी भरलेली, स्टेपनी लावलेली, ड्रायव्हर आणि क्लीनर केबिनमध्ये, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, दोन वाकळी आणि तांदळाचा डबा. डबा अर्धा, असंही लिहिलंय. इतर मालक रिकामं वजन करताना टाकी तळाला गेलेली असताना काट्यावर गाडी चढवतात, क्लीनरला उतरवतात, स्टेपनी टपरीवर ठेवतात. साडेतीनशे लिटरची टाकी म्हणजे २९० किलो, स्टेपनी शंभरेक किलो, क्लीनर साठ. झालं की नाही साडेचारशे किलोचं 'थोडंसं'? आप्पा याला 'गारीला उपाशी ठेवून तोलणं' म्हणतात.

वहीच्या मागच्या पानांवर दंडाचे दर आहेत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं जादा भाराला वीस हजार रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनाला दोन हजार, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च ठेवलाय. गाडी वजनाला थांबवलीच नाही तर चाळीस हजार. त्याखाली '२००५ नोव्हेंबर, सुप्रीम कोर्ट' असं लिहून दोन रेघा मारल्यात. त्या निकालानं सांगितलं की जादा माल उतरवल्याशिवाय नुसता दंड भरून गाडी पुढे नेता येणार नाही. हे आप्पांचं आवडतं कलम. दंड भरून मोकळं होणं त्यांना कधी पटलंच नाही. "चोरलेल्या आंब्याचं पैसं दिलं म्हणून आंबा आपला व्हतो का?" असा त्यांचा सवाल. मी म्हटलं, होतो की. तर आप्पा दोन दिवस बोलले नाहीत.

वहीत एक पान असं आहे ज्यानं नाक्यावर बराच वैताग झाला. रस्त्याच्या कामावरचा एक इंजिनिअर टपरीवर चहा पिताना सांगून गेला की अमेरिकेत, इलिनॉयमधल्या ओटावाजवळ, १९५८ ते ६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक पळवले होते. एक्सलवरचा भार वाढला की रस्त्याची झीज त्याच प्रमाणात वाढत नाही, साधारण चौथ्या घातानं वाढते, असं त्यात निघालं. म्हणजे भार एक पंचमांशानं वाढला की झीज दुप्पट. आप्पांनी हिशेब दोनदा करून बघितला. एक पूर्णांक दोन गुणिले एक पूर्णांक दोन, असं चार वेळा. २.०७ आलं. त्या दिवसापासून वडप्याच्या परिसरातल्या खड्ड्यांना मालक मिळाले. "हा मार्बलवाल्यांचा. ह्यो टाइल्सचा. आन् त्यो लांबला, त्यो कॉइलवाल्या शेठचा." खड्ड्यात पाणी साचलं की ते मालकाचं नाव घेऊन ओलांडतात. पावसाचा आणि ठेकेदाराचा त्यात काही वाटा असेल की नाही असं मी विचारलं, तेव्हा उदारपणे म्हणाले, "थोरा असंल." मी लगेच विचारणार होतो, पण धीर झाला नाही.

या स्वभावाचा घरच्यांना ताप होत असणारच. मी तो एकदाच जवळून पाहिला, त्यांच्या पुतणीच्या हळदीला. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी, हे भिवंडीत राहणाऱ्याला सांगायला नको. गल्लीत टेम्पो उभा, त्यावर जनरेटर, त्यावर भिंतीएवढे स्पीकर, आणि स्पीकरवर पोरं. डीजेवाल्यानं हात वर केला, पहिला ठोका पडणार, तेवढ्यात आप्पा गर्दी कापत टेम्पोपुढे आले आणि त्यांनी हात आडवा धरला.

"जनरेटर कवऱ्याचा?"

"पंधरा केव्हीए," डीजेवाला अभिमानानं म्हणाला.

"वजन विचारलं."

डीजेवाल्याला त्याच्या आयुष्यात कुणी हा प्रश्न केला नव्हता. त्यानं खांदे उडवले. आप्पांनी वही काढली. टेम्पोचं पासिंग आरसीवरून घेतलं. जनरेटर, स्पीकर, अँप्लिफायर, लाइटचा सांगाडा, एकेकाचा अंदाज मांडला. मग वर बघून पोरं मोजली, बावीस निघाली. सरासरी पन्नास धरून अकराशे किलो. "आन् ह्यो मालाचा टेम्पो हाय. मालाच्या गारीत मान्सं बसवायची नाय. म्हंजे पोरं शून्य." बावीस पोरांनी एका सुरात विरोध केला. नवरीची मावशी हातात हळदीची वाटी घेऊन पुढे आली आणि म्हणाली, "भावजी, आज तरी काटा घरी ठेवा!" भावजी ऐकतायत कुठले. पोरं उतरली, अर्धे स्पीकर उतरले, आणि मिरवणूक निघाली ती गाण्याचे शब्द कळतील एवढ्याच आवाजात. ते शब्द ऐकून वडीलधाऱ्यांची जी अवस्था झाली ती वेगळी. पण कोपऱ्यावरच्या घरातल्या एका नव्वदीच्या आजींनी खिडकीतून आप्पांच्या दिशेनं कडाकडा बोटं मोडली, आणि आप्पांनी ती पावती मिळाल्यासारखी स्वीकारली.

असा माणूस नको असेल तर सोपा उपाय आहे, त्याला भाडं देऊ नये. पण गंमत अशी की ज्या पार्ट्या 'थोडंसं'ची सगळ्यात जास्त घासाघीस करतात, त्यांचा माल खरोखर महाग असला, काच असली, यंत्र असलं, की त्याच हळूच विचारतात, "ते पासिंगवाले आप्पा मोकळे आहेत का?" आप्पांना हे माहीत आहे. त्या दिवशी ते भाड्यात एक रुपया कमी करत नाहीत.

आता माझ्या अब्रूची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या एका कारखान्यासाठी प्लास्टिकचा दाणा जायचा होता, २५ किलोच्या गोण्या. पार्टीची मागणी १,२६० गोण्यांची. आप्पांनी सकाळीच वहीत हिशेब करून मला चिठ्ठी दिली होती: 'ताडपत्री ओली, ६० किलो धरले. १,२२६ वर थांबणे.' मी ती टेबलाच्या काचेखाली ठेवली. संध्याकाळी आप्पा चहाला गेले. चौतीस गोण्या जमिनीवर उरल्या होत्या. मॅनेजरनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो शब्द उच्चारला. मी मान हलवली. म्हणजे नक्की कुठल्या दिशेनं हलवली हे मलाही आता सांगता येणार नाही, पण गोण्या चढल्या.

आप्पा परत आले. काही विचारलं नाही. ट्रेलरच्या मागे उकिडवे बसले आणि टॉर्च मारून कमान बघितली, मग टायरच्या तळाशी आलेला फुगवटा. उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "चल काट्याव."

काटा नाक्यावरच आहे. ऑपरेटर खिडकीत बसून वडापाव खात होता. ट्रेलर प्लॅटफॉर्मवर चढला, लाल आकडे धावले, डळमळले, स्थिरावले. ४६,३४०. आप्पांनी पावती माझ्या हातात दिली, वही नाही दाखवली. ८४० किलो जास्त.

गोदामावर परत आलो तेव्हा साडेआठ वाजले होते. हमाल निघून गेले होते. मॅनेजरनी भागाकार केला, ८४० भागिले २५, तेहतीस पूर्णांक सहा. "तेहतीस काढल्या की झालं," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, पण ते काय होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं. मग मॅनेजर, वॉचमन आणि मी, अशा तिघांनी त्या पावसात गोण्या उतरवायला सुरुवात केली. आप्पा टॉर्च धरून मोजत होते. बाराव्या गोणीला मॅनेजर धापा टाकत म्हणाले, "आप्पा, जरा हात लावा की."

"मी चरवल्या का?"

तेहतीस झाल्या. मी ऑफिसात जाऊन बिल आणि ई-वे बिल बदलायला बसणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "आधी काटा." पुन्हा काटा. ऑपरेटरचं जेवण झालं होतं, त्यानं तिरकस नजरेनं आमच्याकडे पाहिलं. ४५,५२०.

"वीस किलो," मॅनेजर जवळजवळ रडत म्हणाले. "आप्पा, वीस किलो म्हणजे..."

आप्पांनी टोपी मागे सरकवली. मॅनेजरनी वाक्य तिथेच सोडलं.

चौतिसावी गोणी मी स्वतः ट्रेलरवर चढून उतरवली आणि खांद्यावर घेऊन काट्याच्या केबिनमध्ये नेऊन ठेवली. ऑपरेटर म्हणाला, इथं ठेवायचं भाडं पडेल. तिसऱ्यांदा काटा झाला. ४५,४९०. बरोबर १,२२६ गोण्या, सकाळच्या चिठ्ठीत होत्या तेवढ्याच. आप्पांनी पावतीची घडी केली, वहीत ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. मॅनेजर स्कूटरवरून कधीच निघून गेले होते. मी सगळी कागदपत्रं बदलून आणून दिली तेव्हा अकरा वाजत आले होते. पाऊस लागलेला, रिक्षा नाही, शेवटची एसटी गेलेली. मी राहतो पडघ्याला, आणि आप्पांची गाडी पडघ्यावरूनच नाशिकला जाणार. मी केबिनच्या पायरीवर पाय ठेवला.

"आप्पा, पडघ्यापर्यंत येतो."

"वजन?"

"कसलं?"

"तुजं."

"बाहत्तर."

आप्पांनी वही उघडली. साडेपंचेचाळीस हजार वजा पंचेचाळीस हजार चारशे नव्वद. बोटानं मला तो आकडा दाखवला. दहा.

"आप्पा, दहा किलोमीटरसाठी... थोडंसंच आहे हो," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच पायरीवरून पाय खाली घेतला.

त्यांनी मला पावसात उभं केलं असं मात्र नाही. केबिनमधून हात बाहेर काढून त्यांनी मागून येणारी एक रिकामी पिकअप थांबवली. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, पाण्याचे रिकामे जार पोचवून शहापूरला परतत होता. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. आप्पांनी त्याला एक चिठ्ठी दिली, मला पिकअपच्या केबिनमध्ये बसवलं, स्वतः उतरून पुन्हा एकदा त्या वंगणाच्या ताटाखाली टॉर्च मारला आणि मग गाडी काढली. काही अंतरापर्यंत त्यांचा ट्रेलर आमच्या पुढे होता. मार्बलवाल्यांच्या खड्ड्याला त्यांनी ब्रेक मारला, वळसा घातला.

पडघ्याला मी उतरून खिशात हात घातला तर पिकअपवाला म्हणाला, "पैसे नकोत. आप्पांनी सही घ्यायला सांगितलीय." त्यानं चिठ्ठी पुढे केली. पहिल्या काट्याची, ४६,३४० वाली पावती होती ती. मागच्या कोऱ्या बाजूवर आप्पांनी लिहिलं होतं: 'वडपे ते पडघे. माल: इसम एक. वजन: ७२ (सांगितलेले, तोललेले नाही).' खाली सहीसाठी रेघ मारली होती.

पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून, पावसापासून हातानं आडोसा करत, मी लिहिलं, 'माल भिजलेल्या अवस्थेत मिळाला,' आणि सही केली.